मेटलसाठी महागडा बेस घेताय? आधी खर्जाची तार ऐका

मेटल बँडमध्ये बेस वाजवणाऱ्यांचं एक जुनं दुखणं आहे. ते जीव तोडून वाजवतात, पण समोरच्याला ऐकू येत नाहीत. खाली उतरवलेल्या सुरांत दोन गिटार डिस्टॉर्शन लावून गरजत असतात, ड्रमरचे दोन्ही पाय किक ड्रमवर चालू असतात आणि त्या गदारोळात बेसचा नुसता घुमारा उरतो. मेटालिकाच्या १९८८ सालच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमवर जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्यावरून चाहत्यांमध्ये आजही वाद रंगतात. तिथे तो निर्णय मिक्सिंग करताना झाला होता. आपल्याकडच्या तालमीच्या खोलीत आणि छोट्या कार्यक्रमांत मात्र बेस हरवतो तो बहुतेक वेळा वाद्यामुळे, तारांमुळे आणि चुकीच्या आवाजामुळे.

काही वर्षं वाजवून झाली, हात बसला, नोकरीतून चार पैसे बाजूला पडले की ‘आता एक चांगला बेस घेऊ’ असं वाटू लागतं. या लेखात ‘महागडा’ म्हणजे साधारण दीड लाख रुपयांपासून पुढचा बेस, असं धरलं आहे. या किमतीत वाईट दिसणारं वाद्य मिळतच नाही. सुंदर रेषा असलेले लाकडाचे थर, चकचकीत किंवा मॅट फिनिश, सोनेरी खुंट्या सगळं काही असतं, आणि म्हणूनच निवड अवघड होते. माझं सांगणं एकच आहे: मेटलसाठी बेस घेताना सगळी परीक्षा सर्वांत जाड तारेवर घ्या. खर्जाची तार स्पष्ट बोलत असेल तरच बाकीच्या गुणांना अर्थ आहे.

आधी बँडचं ट्यूनिंग लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी तुमचा बँड कोणत्या सुरात वाजवतो ते कागदावर लिहा. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ‘ई’, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसवर तिच्याखाली ‘लो बी’ येते, सुमारे ३१ हर्ट्झ. बँड ‘ए’मध्ये उतरत असेल तर साडेसत्तावीस हर्ट्झ. टोनी आयोमीने ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तेव्हापासून मेटल खाली खालीच सरकत आलं आहे, आणि त्याचा सगळा भार शेवटी बेसवाल्याच्या जाड तारेवर पडतो.

इथे थोडं गणित कामाला येतं. तीच तार दोन अर्धस्वर खाली उतरवली की तिच्यावरचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. बाजारातल्या बहुतेक संचांत ‘बी’ तारेवरचा ताण ‘ई’पेक्षा आधीच कमी असतो. तिलाच ‘ए’पर्यंत उतरवलं की ती लोंबकळू लागते. जोरात वाजवली की सुरुवातीला सूर वर चढतो आणि मग खाली येतो, तार फ्रेटवर आपटते आणि वेगवान पॅटर्नमध्ये एक आघात दुसऱ्यात मिसळून जातो.

यावर पहिला उपाय स्वस्त आहे: जाड तार. ०.१३० इंचाच्या जागी ०.१३५ किंवा ०.१४५ची तार लावली की ताण परत येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. तार जितकी जाड तितकी ती ताठ सळईसारखी वागू लागते, आणि तिचे वरचे स्वरांश गणिताने जिथे असायला हवेत त्याहून थोडे वर सरकतात. सूर मळकट होतो. दुसरा उपाय महाग आहे. तोच या किमतीच्या बेसमध्ये शोधायचा.

लांबी: ३४ इंच, ३५ इंच की मल्टिस्केल

नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंपन पावतो, त्याची लांबी म्हणजे स्केल. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून ३४ इंच हे प्रमाण रूढ झालं. तार तीच, सूर तोच ठेवून लांबी वाढवली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३४वरून ३५ इंचावर गेलं की सुमारे ६ टक्के, ३७ इंचावर गेलं की सुमारे १८ टक्के. म्हणजे ३७ इंची बेसवर ‘ए’पर्यंत उतरवलेली तार ३४ इंची बेसवरच्या ‘बी’च्या जवळपास ताठ राहते, आणि तीही तार जाड न करता.

मग सगळ्याच तारा ३७ इंच का करत नाहीत? कारण बारीक तारा इतक्या ताणल्या तर त्या कर्कश आणि बोटांना कडक लागतात. यावरचा मार्ग म्हणजे मल्टिस्केल: फ्रेट पंख्यासारखे तिरपे, जाड तार लांब आणि बारीक तार आखूड. कॅनडातल्या सास्काटून इथल्या डिंगवॉल कंपनीने ही रचना बेसवर रुजवली. तिच्या कम्बस्चन आणि एनजी मालिकांतल्या पाच तारांच्या बेसवर ‘बी’ ३७ इंच आणि ‘जी’ ३४ इंच असते. एनजी मालिका पेरिफेरी बँडचा तेव्हाचा बेसवादक ॲडम ‘नॉली’ गेटगुड याच्यासोबत तयार झाली आणि आधुनिक प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये तिचा आवाज आज सर्रास ऐकू येतो.

तिरप्या फ्रेटची भीती बाळगू नका. बहुतेकांचा हात थोड्या दिवसांत सरावतो. पण एक गोष्ट तपासून घ्या. ३७ इंची तारेवर नट ते पहिला फ्रेट हे अंतर ३४ इंची तारेपेक्षा सुमारे ४ मिलिमीटरने जास्त असतं. तुमचा हात लहान असेल आणि रिफ पहिल्या चार फ्रेटमध्येच फिरत असतील, तर दोन तासांच्या तालमीनंतर मनगट तक्रार करू शकतं. अशा वेळी ३५ इंचाचा बेस हा चांगला मध्यम मार्ग. बँड ‘ई’ किंवा ‘डी’मध्ये वाजवत असेल तर ३४ इंची चार तारांचा बेस पुरतो; जास्त खर्च करून लांबी विकत घेण्याची गरज नाही.

पिकअप: आधी शांतता, मग ताकद

लो बीचा मूळ सूर ३१ हर्ट्झचा. बेसच्या बहुतेक स्पीकर कॅबिनेटमधून तो पुरेशा जोरात बाहेर पडतच नाही. आपल्या कानाला ऐकू येतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे स्वरांश, आणि त्यावरून मेंदू खालचा सूर भरून घेतो. म्हणून मेटलमध्ये ‘बेस वाढवा’ म्हणत खालची पट्टी फिरवत राहणं निरुपयोगी ठरतं. तिथे किक ड्रम आधीच बसलेला असतो. बेसला जागा मिळते ती साधारण ७०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे बोटाचा किंवा पिकचा आघात आणि तारेची कड ऐकू येते. तारेची फ्रेटवर होणारी खणखण हासुद्धा या आवाजाचा भाग आहे. तानपुऱ्याची जवारी जशी स्वरांश उजळण्यासाठी मुद्दाम लावतात, तशी मेटलचा बेसवादक ही खणखण मापात राखतो.

पिकअप निवडताना या पट्ट्याकडे लक्ष द्या, पण त्याआधी शांतता तपासा. जॅझ बेसच्या धर्तीचे सिंगल कॉइल पिकअप दोन्ही पूर्ण उघडे असतात तेव्हा गुणगुण कमी असते. एक कमी केला की ट्यूबलाइट आणि डिमरची गुणगुण शिरते, आणि डिस्टॉर्शन तिला कित्येक पटींनी मोठं करतं. मेटलसाठी हमबकर, प्रिसिजनचा दुभंगलेला स्प्लिट कॉइल किंवा गुणगुण मारणारे सोपबार पिकअप जास्त सोयीचे. ईएमजी, बार्टोलिनी, नॉर्डस्ट्रँड, ॲग्विलार ही या किमतीत वारंवार दिसणारी नावं. ईएमजीचा आवाज दाबलेला, सारखा आणि थेट असतो. वेगवान वाजवणाऱ्याला तो फार साथ देतो.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हा वाद उगाच ताणला जातो. ॲक्टिव्ह प्रीॲम्पमुळे बेसवरच मिड्स कमी-जास्त करता येतात, आणि मेटलमध्ये ती सोय मोठी आहे. विचारायच्या गोष्टी तीन: मिडची पट्टी कोणत्या कंपनसंख्येवर काम करते, बॅटरी ९ व्होल्टची एक लागते की दोन, आणि बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर जाण्याचं बटण आहे का. केबल खोचली की बहुतेक ॲक्टिव्ह बेस चालू होतात, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढून ठेवायची सवय लावा.

नेक, लाकूड आणि आपली हवा

बॉडीचं लाकूड कोणतं यावर तासन्‌तास चर्चा होते. मेटलच्या आवाजात, डिस्टॉर्शनमागे, त्याचा वाटा तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्या हातापेक्षा खूपच लहान असतो. मी नेकला जास्त महत्त्व देईन, कारण आपल्या हवेत खरी कसोटी तिथेच लागते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते, तर मे महिन्यात विदर्भात हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड ओल शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पावसाळ्यात नेक वाकून तारा उंच होतात. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचू लागतात.

त्यामुळे या किमतीत पाच पट्ट्या जोडून केलेली नेक, आत ग्रॅफाइट किंवा टायटॅनियमच्या सळया, आणि शक्य तर भाजलेलं मेपल पाहा. मेपल कमी ऑक्सिजनमध्ये तापवलं की त्यातली ओल आणि राळ निघून जाते आणि लाकूड हवेला कमी प्रतिसाद देतं. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतील तर उत्तम. ते गंजत नाहीत आणि स्टीलच्या खरबरीत तारांनी लवकर झिजतही नाहीत. नेक बॉडीतून आरपार गेलेली आहे की बोल्टने जोडलेली, यावरून दर्जा ठरत नाही. फक्त वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज पोचतो का ते बघा.

वजनही तोलून पाहा. चार किलोच्या आसपासचा बेस पट्ट्याला लटकवून तासभर उभं राहणं जमतं. पाच किलोच्या पुढे खांदा बोलू लागतो. पट्टा लावून दोन्ही हात सोडा. नेक खाली झुकत असेल तर डावा हात वाजवण्याऐवजी नेक पेलत राहील.

कोणी काय वाजवलं, त्यातून काय घ्यायचं

आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा घोड्याच्या टापांसारखा आवाज प्रिसिजन बेस, रोटोसाउंडच्या फ्लॅटवाउंड तारा आणि बोटांच्या जोरावर उभा आहे. मोटरहेडच्या लेमीने रिकनबॅकर, पिक आणि मार्शल ॲम्प वापरून बेसला जवळजवळ ऱ्हिदम गिटार बनवलं. कॅनिबल कॉर्प्सचा ॲलेक्स वेब्स्टर पाच तारांचा स्पेक्टर तीन बोटांनी इतका स्वच्छ वाजवतो की डेथ मेटलच्या घनदाट आवाजातही प्रत्येक सूर वेगळा कळतो. स्पेक्टरचा वळणदार आकार नेड स्टाइनबर्गरने १९७७ साली एनएस मालिकेसाठी घडवला. कॉर्नच्या फील्डीने ‘ए’पर्यंत उतरवलेल्या पाच तारांच्या इबानेझवर थापेचा धातूसारखा कडकडाट हीच आपली ओळख केली.

या सगळ्यांची वाद्यं वेगळी, तारा वेगळ्या. समान आहे ती एक गोष्ट: प्रत्येकाने गिटारच्या भिंतीत स्वतःसाठी एक पट्टा मोकळा ठेवला. पारंपरिक हेवी मेटल आणि थ्रॅश वाजवणाऱ्याला उत्तम प्रिसिजन किंवा म्युझिक मॅन स्टिंगरेसारखा बेस पुरून उरतो. डेथ मेटलसाठी स्पेक्टर, इबानेझ, ईएसपी यांचे वरच्या श्रेणीतले पाच तारांचे बेस पाहा. सात-आठ तारांच्या गिटारांसोबत वाजवणाऱ्याने मल्टिस्केलपासून सुरुवात करावी. आवडत्या वादकाची सही असलेला बेस घेण्यात गैर काही नाही, पण तो ज्या ट्यूनिंगमध्ये वाजवतो तेच तुमचं आहे का, हे आधी पाहा.

दुकानातली वीस मिनिटं

बेस हातात घेतला की लगेच ॲम्पला जोडू नका. आधी बिनजोडणीचा वाजवा. लो बी मोकळी छेडा, हात बॉडीवर ठेवा आणि सूर विझेपर्यंत थांबा. चांगल्या वाद्यात तार बराच वेळ समान बोलते आणि कंपन नेकमध्येही जाणवतं. आता त्याच तारेवर पाचवा, सातवा, नववा फ्रेट वाजवा. मोकळ्या तारेचा आणि दाबलेल्या सुरांचा स्वभाव एकच वाटला पाहिजे. ‘बी’ घुमते आणि ‘ई’ बोलते, असा फरक ऐकू आला तर तिथेच थांबा.

मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो का बघा. हे मृत बिंदू महागड्या बेसमध्येही असतात आणि सेटअपने सहसा जात नाहीत.

यानंतर बँडच्या ट्यूनिंगवर बेस उतरवायची परवानगी मागा. दीड-दोन लाखांच्या खरेदीत ही मागणी वाजवी आहे. ट्यूनर लावून जाड तार जोरात छेडा. काटा सुरुवातीला किती वर उडतो आणि किती लवकर स्थिरावतो, ते पाहा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळतात का तेही पाहा. ब्रिजवरची जाड तारेची गादी आधीच अगदी मागे गेलेली असेल तर आणखी जाड तार लावल्यावर सूर जुळवायला जागा उरणार नाही.

शेवटी ॲम्प. सगळी बटणं मध्यावर ठेवा, डिस्टॉर्शन बंद. तुमच्या बँडचा सर्वांत वेगवान रिफ आधी हळू, मग मूळ लयीत वाजवा. मग डिस्टॉर्शन लावून तोच रिफ. फोनवर बँडच्या तालमीचं बिनबेसचं रेकॉर्डिंग नेलंत तर त्याच्यावर वाजवून बघता येईल. एकट्याने वाजवताना थोडा टोकदार, उघडा वाटणारा बेस बँडमध्ये नेमका बसतो. एकट्याने भरदार आणि गुबगुबीत वाटणारा बहुधा हरवतो.

पैशांचा हिशेब

सगळी रक्कम बेसवर संपवू नका. एक चांगला प्रीॲम्प पेडल, कठीण केस, दोन संच तारा आणि सेटअप यांसाठी रकमेचा पाचवा भाग तरी बाजूला ठेवा. प्रीॲम्पमध्ये ब्लेंडचं बटण असणं अत्यावश्यक आहे, म्हणजे खालचा स्वच्छ सूर तसाच राहतो आणि वरच्या भागाला डिस्टॉर्शन लागतं. सगळाच आवाज खरवडला तर खालचा पाया निघून जातो. फिनलंडच्या हेलसिंकीतल्या डार्कग्लास कंपनीचे आणि टेक २१ सॅन्सॲम्पचे पेडल याच कामासाठी मेटलवाल्यांमध्ये रूढ झाले. कार्यक्रमाच्या ठिकाणचा ॲम्प कसा असेल ते सांगता येत नाही. डीआय असलेला पेडल पिशवीत असला की तुमचा आवाज थेट साउंडच्या मिक्सरपर्यंत पोचतो.

अनेक उंची बेस आपल्याकडे दुकानात उभे नसतात, मागवावे लागतात. अशा वेळी सीमाशुल्क, जीएसटी आणि वाहतूक धरून हातात पडेपर्यंतची पूर्ण किंमत लेखी घ्या. परत करण्याची मुदत आणि वॉरंटी भारतात लागू आहे का, हेही लेखी घ्या. परदेशातल्या नातेवाइकांकडून आणवत असाल तर बिल जपून ठेवा, विमानतळावर वस्तू जाहीर करा आणि त्या देशातली वॉरंटी इथे चालत नाही हे धरून चाला. वापरलेला बेस घेणं हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. फक्त ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, फ्रेटवर खाचा पडल्या आहेत का आणि क्रमांक मूळ बिलाशी जुळतो का, हे जाणकार दुरुस्ती कारागिराला सोबत नेऊन बघा. घरी आणल्यावर महिनाभर वाद्य इथल्या हवेत मुरू द्या आणि मगच पूर्ण सेटअप करा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २ मिलिमीटरच्या आसपास ही बहुतेकांना मानवणारी सुरुवात आहे.

माझा निवाडा

पहिल्यांदाच महागडा बेस घेत असाल आणि बँड ‘सी’ किंवा त्याखाली वाजवत असेल, तर पाच तारांचा, ३५ इंची किंवा मल्टिस्केल, गुणगुण मारणारे पिकअप आणि मिडवर ताबा देणारा प्रीॲम्प असलेला बेस घ्या. बँड ‘ई’ ते ‘डी’मध्ये असेल तर चार तारांचा उत्तम प्रिसिजन घ्या आणि उरलेले पैसे प्रीॲम्पवर घाला. रंग आणि लाकडाची नक्षी या दोन्हींवर शेवटी नजर टाका. दोन बेसमध्ये मन अडकलं, तर ज्याची सर्वांत जाड तार तुमच्या बँडच्या सुरात जास्त स्पष्ट बोलते तोच घ्या, मग तो दिसायला साधा का असेना.